घोडा दौडवायचा तर वाट आधी पायी बघून या

मोकळ्या पाणंदीवर घोडा दुडकीतून, म्हणजे उसळत्या हलक्या धावेतून, दौडीत शिरतो, खोगिरातले हिसके थांबतात आणि टापांचा तीन ठेक्यांचा ताल अंगात उतरतो, ते सुख घ्यायलाच हवं. मराठवाड्यात दसरा ते होळी हे त्याचे दिवस. पावसाळ्यात काळी माती टापेला धरते, नाल उपटून काढते. उन्हाळ्यात त्याच रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. म्हणून मुरमाची पाणंद किंवा माळरान धरा.

आदल्या दिवशी ती वाट पायी बघा. काटेरी तार, ठिबकच्या नळ्या दिसतातच. धसकटं दिसत नाहीत. विळ्यानं तिरकं कापलेलं तुरीचं धसकट सुळ्यासारखं असतं, थेट खुराच्या तळव्यात शिरतं.

स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत हवं: ३५० किलोच्या घोड्यावर ७० किलो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसताना बरेच घोडे पोट फुगवतात, त्यामुळे दहा मिनिटं चालवून तो पुन्हा बघा. खाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, फक्त चवडा ठेवा. अख्खं पाऊल आत गेलं की पडताना अडकतं.

पंधरा मिनिटं चाल, दहा मिनिटं दुडकी, मग दौड. जागा किंचित चढाची निवडा, घोडा आवरायला सोपा जातो. बूड जरा उचला, वजन टाचेत, हात आयाळीजवळ. लगामावर तोल सांभाळू नका! कडियाळ, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी दांडा, रुततं आणि घोडा त्या दुखण्यापासून आणखी जोरात पळतो. हाताबाहेर गेलाच तर मोठ्या वर्तुळात घ्या, वर्तुळ हळूहळू लहान करा. भरधाव असताना झटक्यात वळवलं तर घोडा पडतो. घराच्या दिशेनं कधीच दौडवू नका, घराकडे सुटायची खोड लागली की मोडणं कठीण जातं.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या जत्रेतून रवाल चालीचा (न उसळता झपझप चालणारा) घोडा आणला म्हणजे तो दौडीला तयार असतो असं नाही. आधी काही आठवडे चाल आणि दुडकीच द्या.

शेवटचा किलोमीटर-दीड किलोमीटर चालत या. उतरून जबड्याखालची नाडी १५ सेकंद मोजा, चारनं गुणा. विसाव्यात ती २८ ते ४४ असते; पंधरा मिनिटांत साठीच्या आसपास उतरली नाही तर दौड जास्त झाली. तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये असं सांगतात, पण थोडं थोडं लगेच द्यावं. हरभऱ्याचा तोबरा मात्र तासभर तरी लावू नका, पोटशूळ उठतो.