फोर-बाय-फोरचे टायर: चिखलातून बाहेर पडल्यानंतर होणाऱ्या चुका

थार, जिम्नी, गुरखा किंवा शेतावर राबणारी जुनी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) जीप बाळगणाऱ्यांची एक ठाम समजूत असते, की टायरची खरी कसोटी खडकावर आणि चिखलात लागते. प्रत्यक्षात ताशी दहा किलोमीटर वेगाने खडकावरून चाललेला टायर तिथे क्वचितच दगा देतो. तिथे त्याला झालेली इजा दोन दिवसांनी, महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर आणि ताशी शंभरच्या वेगात उघडी पडते. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी तपासणी करून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या होत्या, आणि ते योग्यच होते. परंतु ज्याची ग्रिप, म्हणजे जमिनीला टेकणारी नक्षी, शाबूत आहे पण आतले थर सुटू लागले आहेत, असा टायर वरवरच्या तपासणीत सापडत नाही.

असे थर सुटण्यामागे बहुतेक वेळा हवेची चूक असते. मऊ जमिनीत हवा कमी केल्यावर टायर लांबट पसरतो, गाडीचा भार अधिक क्षेत्रावर वाटला जातो आणि चाक रुतत नाही. चिखल आणि खडकासाठी साधारण २० ते २५ पौंड, तर सुट्या वाळूसाठी १५ ते १८ पौंड हवा ठेवण्याची पद्धत आहे; त्याहून खाली गेल्यास वळण घेताना टायरची कड रिमवरून निसटू शकते. (कोकणात अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास बंदी आहे आणि भरतीला पौंडांचा हिशेब कळत नाही, हे वाळूचा विषय निघाला म्हणून सांगितलेले बरे.) चूक घडते ती परतीच्या वाटेवर. वीस पौंडांवरच गाडी डांबरी रस्त्यावर येते, पंप पुढे लागेलच म्हणून चाळीस-पन्नास किलोमीटर वेगात धावते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दुमडून तापत राहते. नंतर पूर्ण हवा भरली तरी त्या उष्णतेने झालेले नुकसान भरून निघत नाही. त्यामुळे हवा सोडण्याची सवय असलेल्याने स्वतःचा काँप्रेसर आणि स्वतःचा गेज गाडीत ठेवावा, आणि डांबर लागण्यापूर्वीच, इंजिन चालू ठेवून, हवा भरून घ्यावी. हे जमणारे नसेल तर हवा सोडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट चूक म्हणजे टायरच्या साइडवॉलवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरणे. तो आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो. आपल्या गाडीसाठी योग्य हवा किती, हे चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेले असते आणि ते थंड टायरसाठी असते. लांबच्या प्रवासात टायर तापून आकडा चार-पाच पौंडांनी चढलेला दिसला, तर तो स्वाभाविक आहे. तेव्हा हवा सोडल्यास सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो.

काळ्या मातीच्या प्रदेशातील एक हमखास तक्रार अशी, की पावसाळ्यात रानातून जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी ताशी सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. मालक थेट व्हील बॅलन्सिंगला गाडी नेतो, कारागीर रिमला वजने चिकटवतो, आणि आठवड्याने थरथर पुन्हा सुरू होते. कारण रिमच्या आतल्या बाजूस वाळलेला मातीचा गठ्ठा तसाच असतो. तो कधीतरी गळून पडतो, आणि मग त्याच्या भरपाईसाठी लावलेले वजनच असमतोल निर्माण करते. आधी रिम आतून पाण्याच्या जोरदार धारेने धुवावे, थरथर तरीही राहिली तरच बॅलन्सिंग करावे. धुताना टायरची आतली साइडवॉलही पाहून घ्यावी, कारण जांभ्या दगडाच्या धारदार कडेने पडलेला काप बहुधा तिकडेच, नजरेआड असतो.

आठवड्याला दोन-तीन पौंड हवा उतरत असेल, तर दर वेळी भरत राहणे हा उपाय नव्हे. बाभळीचा काटा किंवा तूर-कपाशीचे धसकट ट्यूबलेस टायरमध्ये मोडून बसते आणि स्वतःच बुचासारखे छिद्र बुजवते, म्हणून हवा एकदम जात नाही. साबणाचे पाणी ग्रिपवर, व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेवर सर्वत्र लावून बुडबुडे शोधावेत. हवा कमी करून चिखलात चालवलेल्या गाडीत कडेमध्ये माती शिरून तिथूनही गळती होते, आणि व्हॉल्व्हचे टोपण हरवले असेल तर तिथेही माती जाते. ग्रिपमधील छिद्रात बाहेरून भरलेली चिकट रबरी दोरी गावापर्यंत पोहोचवते, पण कायमची दुरुस्ती टायर उतरवून आतून लावलेल्या मशरूम पॅचनेच (दांडी छिद्रात बसणारे छत्रीसारखे ठिगळ) होते. साइडवॉलला छिद्र किंवा खोल काप असेल, तर पंक्चरवाला ‘चालून जाईल’ म्हणाला तरी तो टायर बदलावाच.

टायर बदलताना पैसे वाचवण्यासाठी दोनच नवे घेणे साध्या गाडीत एक वेळ खपते. थार किंवा जिम्नीसारख्या गाडीत मात्र फोर-व्हील लावल्यावर पुढचे आणि मागचे आस एकमेकांना जखडले जातात, आणि झिजलेल्या टायरचा घेर लहान असल्याने घट्ट जमिनीवर सगळा ताण गिअरवर आणि ग्रिपवर येतो. याच कारणाने कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून ठेवू नये. स्टेपनीसह पाचही टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला आळीपाळीने फिरवले, तर झीज सारखी राहते आणि स्टेपनी मागच्या दारावर नुसती वाळत पडत नाही. ती किती जुनी आहे, हे साइडवॉलवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून कळते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

रानात चाक बदलण्याची वेळ आलीच, तर जॅकखाली ठेवायला रुंद फळी जवळ असावी, कारण ओल्या मातीत गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. पान्ह्यावर उभे राहून नट आवळू नयेत, आणि ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासावेत.