जातिवाचक अपमानाची फिर्याद कशी द्यावी

जातिवाचक शिवीगाळीचा खटला कमकुवत होण्याची सुरुवात बहुधा पोलीस ठाण्यात लिहिल्या गेलेल्या पहिल्या पानावरच होते. घटना खरी असते आणि साक्षीदारही असतात, पण फिर्यादीत मात्र ‘मला जातिवाचक शिवीगाळ करून अपमानित केले’ एवढे एकच वाक्य असते. कोणते शब्द वापरले गेले, ते कोठे उच्चारले गेले आणि कोणी ऐकले, हे त्यात नसते. म्हणून ठाण्यात जाण्यापूर्वी कायदा नेमके काय मागतो, हे समजून घ्यावे.

या बाबतीतला मुख्य कायदा म्हणजे अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम, १९८९, म्हणजेच बोलीभाषेतली ‘ॲट्रॉसिटी’. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, त्याची व्याप्ती बरीच वाढली. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची असणे आणि आरोपी या दोन्हींपैकी कशातही नसणे, ही पहिली अट आहे. धर्मांतरित बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे बौद्ध फिर्यादीला हे संरक्षण मिळते. आपल्याकडे याबद्दल अजूनही विनाकारण शंका काढली जाते. मात्र ज्या भटक्या-विमुक्त जाती अनुसूचित जाती किंवा जमातींच्या यादीत नाहीत, त्यांना हा कायदा लागू होत नाही.

अपमानासाठी दोन कलमे आहेत. हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा मानहानी करण्याच्या हेतूने धाक दाखवणे हे कलम ३(१)(आर) मध्ये येते, तर जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करणे हे ३(१)(एस) मध्ये. दोन्हींना किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड आहे, आणि दोन्हींसाठी घटना लोकांना दिसेल अशा ठिकाणी घडलेली असावी लागते. बहुतेक वाद याच अटीवर होतो. जागा सरकारी किंवा सार्वजनिक मालकीची असावी, असा तिचा अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात म्हटले की खासगी घराबाहेरचे अंगण रस्त्यावरून दिसत असेल तर तेही या अटीत बसते. आणि शिवीगाळ इमारतीच्या आत झाली तरी तेथे केवळ नातेवाईक किंवा मित्र नसून बाहेरची माणसे हजर असतील, तर गुन्हा होतो. उलट २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात, चार भिंतींच्या आत आणि बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या शिवीगाळीला ही अट लागू होत नाही, असा निर्णय झाला. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी जमिनीच्या भांडणांत नेहमी आडवी येते: पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे एवढ्यानेच प्रत्येक अपमान या कलमात बसत नाही, तर तो तिच्या जातीमुळे झालेला असावा लागतो. बांधावरून वाद झाला आणि त्यात जात काढली गेली असेल, तर जात कोणत्या वाक्यात आणि कशी काढली गेली, हे म्हणूनच लिहायला हवे.

फिर्यादीचा मजकूर साधारण असा असावा: ‘अमुक तारखेस सकाळी नऊच्या सुमारास मी ग्रामपंचायत कार्यालयासमोरील नळावर पाणी भरत असताना अमुक व्यक्ती तेथे आली. ती मला पूर्वीपासून ओळखते व माझी जात तिला माहीत आहे. ती मोठ्याने म्हणाली, “…”. त्या वेळी तेथे पाणी भरणाऱ्या दोन महिला व समोरचा दुकानदार हजर होते व त्यांनी हे ऐकले.’ अवतरणचिन्हांत जसेच्या तसे शब्द यावेत, कितीही घाणेरडे असले तरी. फिर्याद लिहून घेणारा अंमलदार संकोचाने किंवा घाईने ‘जातिवाचक शिवी दिली’ असा गोळाबेरीज शब्द लिहू लागला, तर त्याला थांबवावे. ओळखीचे वाक्यही वगळू नये, कारण आरोपीला पीडिताची किंवा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती होती हे सिद्ध झाले, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय कलम ८ नुसार गृहीत धरते. तक्रारीस उशीर झाला असेल तर त्याचे खरे कारण एका वाक्यात द्यावे. आरोपीच्या घरातल्या सगळ्यांची नावे रागाच्या भरात घालू नयेत. ज्याने काही केलेच नाही त्याचे नाव उलटतपासणीत संपूर्ण फिर्यादीवर संशय आणते.

ठाण्यात ‘आधी चौकशी करू, मग बघू’ असे उत्तर मिळू शकते. २०१८ मध्ये आणलेल्या कलम १८-अ नुसार या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायम ठेवली आहे. तोंडी माहिती लिहून घेणे, सहीपूर्वी ती फिर्यादीला वाचून दाखवणे आणि प्रत देणे ही कलम ४ नुसार अधिकाऱ्याची कर्तव्ये आहेत. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये, आणि केवळ अदखलपात्र नोंदीची (जिच्यावर पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत) पावती घेऊन परतू नये. हद्दीचा वाद घातला गेल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे सांगावे. तरीही नकार मिळाला तर फिर्याद पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी व पोचपावती जपावी; पुढचा मार्ग न्यायालयाचा आहे.

पुराव्यात मोबाइलवरचे चित्रीकरण असेल तर मूळ फोन आणि मूळ फाइल हलवू नये. फाइलची प्रत न्यायालयात द्यायची, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. जातीचा दाखला तयार ठेवावा.

तपास पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये, असे या कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांत आहे, आणि दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल होणे अपेक्षित आहे. पीडिताला सरकारकडून अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते. त्यासाठी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी पाठपुरावा करावा, कारण ते आपोआप घरी येईल असे धरून चालणे महागात पडते.

शिवी दिलीच नाही, पण मंदिरात, दुकानात किंवा पाणवठ्यावर येऊ दिले नाही, किंवा नवरदेवाला घोड्यावर बसू दिले नाही, तर कलम ३(१)(झेडए) पाहावे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कारासाठी (झेडसी) आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून होणाऱ्या अडवणुकीला नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ देखील लागू होतो. जातपंचायतीने आपल्याच जातीतल्या कुटुंबाला वाळीत टाकले असेल, तर ॲट्रॉसिटी उपयोगी पडत नाही. तेथे महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, जो २०१७ पासून लागू असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. यादीबाहेरच्या जातींच्या माणसाला भारतीय न्याय संहितेतील शांतताभंगास चिथावणारा अपमान (कलम ३५२) आणि धमकी (कलम ३५१) यांचा आधार घ्यावा लागतो.

राहिला जामीन. कलम १८ अटकपूर्व जामिनाला मनाई करते, पण फिर्यादीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर न्यायालय तो देऊ शकते, आणि त्या सुनावणीत आरोपीचा वकील फिर्यादीतले शब्दच वाचून दाखवतो. कलम १५-अ नुसार जामिनासह प्रत्येक सुनावणीची सूचना पीडिताला मिळायला हवी व त्याचे म्हणणे ऐकले जायला हवे. तारीख कळताच फिर्यादीची प्रत घेऊन सरकारी वकिलांना भेटावे, आणि सूचना न देताच जामीन मंजूर झाला असेल तर कलम १४-अ खाली उच्च न्यायालयात अपील करावे. त्याची मुदत नव्वद दिवसांची आहे.