गाजलेल्या अल्बमनंतरचा अल्बम : नागपूरच्या रॉक बँडसाठी कामाची पद्धत

पहिला अल्बम गाजला की महिन्याभरातच "पुढचा कधी?" ही विचारणा सुरू होते आणि संगीतकाराची खरी कसोटी तिथून लागते. पहिल्या अल्बममधली गाणी वर्षानुवर्षे साठत आलेली असतात. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, मित्रांच्या गच्चीवर, रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवून ती घासूनपुसून निघालेली असतात आणि त्यांची वाट पाहणारे कोणीही नसते. दुसऱ्या अल्बमला तेवढा काळ मिळत नाही, वाट पाहणारे मात्र हजारोंनी असतात. म्हणून दुसऱ्या अल्बमची तयारी करायची, तर कोणाचे लक्ष नसताना काम करण्याची जी मोकळीक आपोआप मिळाली होती, ती आता मुद्दाम उभी करावी लागते.

सर्वांत आधी कराराचे कागद घेऊन बसावे. अल्बम चालल्यावर रेकॉर्ड कंपनी पुढच्या दोन-तीन अल्बमचा करार समोर ठेवते, आगाऊ रक्कम देऊ करते आणि त्याबरोबर तारीखही घालून देते; सही करण्यापूर्वी हातात खरोखर किती गाणी तयार आहेत हे मोजावे. अमेरिकेतल्या बोस्टन या बँडचा १९७६चा पहिला अल्बम अफाट खपला, दुसरा १९७८ मध्ये आला, परंतु तो घाईत द्यावा लागल्याची खंत बँडचे प्रमुख टॉम शोल्झ यांच्या मनात राहिली. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी घाई मानली नाही, प्रकरण कोर्टात गेले आणि तो अल्बम बाहेर पडायला १९८६ उजाडले. त्यापेक्षा सहीच्या वेळीच दीड-दोन वर्षांची मुदत मागून घेणे केव्हाही स्वस्त पडते. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला करारातून काढून घेता येत नाही. तो वसूल होण्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासदत्व घ्यावे. ती रक्कम येऊ लागली, तर लग्नसराईतले काही कार्यक्रम नाकारून लिहायला बसणे शक्य होते. कोणत्या गाण्यात बँडमधल्या कोणाचा किती वाटा आहे, हेही पैसे हाती येण्याआधी लिहून ठेवावे.

पहिल्या अल्बममधून वगळलेली गाणी पुन्हा काढण्याचा मोह होतो. ती एकदा फक्त गिटार आणि गळा एवढ्यावर वाजवून पाहावीत आणि जी तेवढ्यावर उभी राहत नाहीत ती निःसंकोच बाजूला ठेवावीत.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे कामाची रीत बदलणे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडने १९७३ मधल्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या प्रचंड यशानंतर वाद्ये बाजूला सारून रबर बँड, काचेचे पेले अशा घरगुती वस्तूंवर अख्खा अल्बम करण्याचा घाट घातला होता. काही आठवड्यांच्या खटपटीनंतर त्यांनी तो सोडला. परंतु पेल्यांच्या काठांवरून बोट फिरवून मिळवलेले स्वर १९७५च्या 'विश यू वेअर हिअर'च्या आरंभी ऐकू येतात. त्या अल्बमचे सर्वांत मोठे गाणे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांच्या हातून सहज निघालेल्या चार स्वरांतून वाढले. फसलेला प्रयोगही पुढच्या कामाला सामग्री पुरवतो, हे लक्षात ठेवून पहिले दोन-तीन महिने निकालाची अपेक्षा न धरता काम करावे. रेडिओहेड या बँडचे गायक थॉम यॉर्क १९९७च्या 'ओके कंप्युटर'नंतर लिहिताना असेच अडले होते. तेव्हा ओळी कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून, टोपीत टाकून, हाताला येतील तशा त्यांनी घेतल्या आणि बँडने गिटारवरचा भरही कमी केला. २००० मध्ये आलेला 'किड ए' त्यातून घडला.

आपल्या खोलीत ही गोष्ट अशी करता येईल. आपले सर्वाधिक गाजलेले गाणे घ्यावे आणि त्याची पट्टी, लय, सुरुवातीच्या वाद्यखंडाची लांबी, ध्रुवपद कितव्या सेकंदाला येते आणि ड्रम कुठे शिरतात, या पाच बाबी कागदावर उतरवून तो कागद भिंतीवर लावावा. समजा, गाणे ई मायनरमध्ये, मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीत, आठ आवर्तनांच्या गिटारखंडाने सुरू होत असेल, तर नव्या गाण्यात या पाचांपैकी दोनांहून अधिक बाबी जुळू देऊ नयेत. सवयीने बोटे त्याच जागी जात असतील, तर गिटार भिंतीला टेकवून हार्मोनियमवर चाल बांधावी किंवा ड्रमरने आधी ठेका ठरवावा आणि बाकीच्यांनी त्यावर गाणे शोधावे. शब्दांनाही हाच नियम लागू आहे: पहिल्या अल्बममधला 'काऊन बे' श्रोत्यांनी उचलून धरला म्हणून प्रत्येक गाण्यात नागपुरी फोडणी देण्याचे कारण नाही, बोली त्या गाण्यातल्या माणसाच्या तोंडी असेल तरच यावी.

नमुना-मुद्रण (डेमो) घरीच करावे आणि ते जपून ठेवावे. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा 'द रिव्हर' हा अल्बम १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला होता; त्यानंतर १९८२च्या आरंभी न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर त्यांनी गाणी केवळ बँडला ऐकवण्यासाठी मुद्रित केली. बँडसह ती पुन्हा वाजवून पाहिल्यावर मूळ कॅसेटमधला भाव हाती येईना, तेव्हा तीच कॅसेट 'नेब्रास्का' म्हणून प्रसिद्ध झाली. नागपुरात घरच्या मुद्रणाला ऋतूंचा विचार करावाच लागतो. नवतपात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कूलर बंद ठेवता येत नाही आणि चालू ठेवला तर त्याची घरघर प्रत्येक ट्रॅकमध्ये उतरते. म्हणून मे महिन्यात पहाटे पाच ते सात ही वेळ गायनासाठी राखावी आणि दुपारी लेखन करावे. कोरड्या हवेने लाकूड आकसून फ्रेटची, म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोके बोटांना टोचू लागतात, तर कूलरच्या ओलसर झोतासमोर ठेवलेली गिटार सतत सुरातून उतरते. ती पेटीत, झोतापासून दूर ठेवावी. महाल-इतवारीत राहणाऱ्यांनी मारबतीच्या मिरवणुकीपासून गणपती-दुर्गेपर्यंतचे दिवस मुद्रणाच्या वेळापत्रकातून वगळलेले बरे.

दहा-बारा गाणी हाती आली की स्टुडिओ घेण्याआधी ती लोकांसमोर वाजवावीत. 'द डार्क साइड'ची गाणी १९७२च्या आरंभापासून, म्हणजे अल्बम येण्यापूर्वी वर्षभराहून अधिक काळ, मंचावर वाजत होती. नव्या गाण्यांची पहिली परीक्षा नागपुरात नको, कारण इथला श्रोता जुन्या गाण्याची फर्माईश घेऊनच येतो. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर इथल्या लहान कार्यक्रमांत नवी गाणी काही न सांगता मध्ये घालावीत आणि कोणत्या कडव्याला लोक मोबाइलकडे वळतात, हे बँडबाहेरच्या एकाने टिपून ठेवावे.

ध्वनिमुद्रणासाठी माणूस निवडताना त्याचे हित कशात आहे, हे पाहावे. 'नेव्हरमाइंड' या गाजलेल्या अल्बमनंतर निर्वाणा या बँडने ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांना बोलावले; त्यांनी रॉयल्टी नाकारून ठरावीक मोबदला घेतला आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये सुमारे दोन आठवड्यांत 'इन युटेरो' मुद्रित झाला. पुढे काही गाण्यांचे मिक्सिंग दुसऱ्याकडून करून घेण्यात आले, तरी त्या मुद्रणाचा खरखरीतपणा टिकला. खपाशी ज्याचा मोबदला बांधलेला नाही, तो स्पष्ट मत देऊ शकतो. असा एकच कान पुरेसा असतो. दहा जणांना गाणी पाठवली, तर दहा मतांची सरासरी काढण्यात गाणे बोथट होते.

दुसऱ्याचा खप पहिल्याइतका होईलच असे धरून कर्ज काढू नये. फ्लीटवुड मॅक या बँडच्या १९७७च्या 'रूमर्स'नंतर त्यांचे गिटारवादक लिंडसी बकिंगहॅम यांनी त्याची नक्कल करायला नकार दिला आणि १९७९ मध्ये २० गाण्यांचा 'टस्क' आला. तो 'रूमर्स'पेक्षा पुष्कळ कमी खपला, तरी आज आदराने ऐकला जातो. इतक्या मोठ्या बँडला तो फटका सोसला. आपल्याला सोसायचा असेल, तर खर्च पहिल्या अल्बमच्या आलेल्या कमाईतूनच भागवावा. प्रकाशनाचा कार्यक्रम देशपांडे सभागृहात ठेवला, तर गाजलेले जुने गाणे वगळू नये आणि शेवटासाठीही राखू नये. सहा नव्या गाण्यांनंतर, मध्यंतराच्या आधी ते मन लावून वाजवावे आणि उत्तरार्ध पूर्णपणे नव्या गाण्यांना द्यावा.