क्रॅश रिपोर्टचा डिमन लिहिताय? या चुका टाळा

लिनक्सवर स्वतःचा क्रॅश कलेक्टर, म्हणजे कोसळलेल्या प्रोग्रामची माहिती गोळा करणारा डिमन (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम), बसवणं दिसायला फार सोपं आहे. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कोअर पॅटर्न या सेटिंगमध्ये उभी रेघ टाकायची, तिला चिकटून आपल्या प्रोग्रामचा पूर्ण पाथ लिहायचा, झालं. त्यानंतर मशीनवर काहीही कोसळलं की कर्नल तुमचा प्रोग्राम चालवतो आणि मरणाऱ्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत, म्हणजेच कोअर किंवा डंप, त्याच्या स्टँडर्ड इनपुटवर ओततो. पाच मिनिटांचं काम. आणि ते खरोखर पाच मिनिटांत उरकलेलं मला सारखं बघायला मिळतं.

त्या घाईत एक गोष्ट वाचायची राहून जाते. कर्नल हा प्रोग्राम रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी खात्याने, चालवतो, तोही होस्टच्या (खऱ्या मशीनच्या) मूळ नेमस्पेसमध्ये. नेमस्पेस म्हणजे प्रोसेसला दिसणारं मशीनचं वेगळं चित्र; कंटेनर त्यावरच उभे असतात. क्रॅश मात्र कुणीही घडवू शकतो. एखाद्या साध्या युजरने स्वतःचा प्रोग्राम लिहावा, त्याला हवं ते नाव द्यावं, मेमरीत हवं ते भरावं आणि त्याला सेगफॉल्टचा (मेमरीच्या चुकीने कोसळण्याचा) सिग्नल पाठवावा. पुढच्याच क्षणी तुमचा रूटचा कोड त्याने वाढलेलं ताट जेवत असतो. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

रूट राहूनच सगळं उरकणं

'आधी चालू तर करू, परवानग्या नंतर कमी करू.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त इतिहास सांगतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये सुरक्षा संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी उबुंटूचं अपोर्ट आणि फेडोरा-रेडहॅटकडचं एबीआरटी, या दोन्ही क्रॅश कलेक्टरांमधली एकाच जातीची खोट उघड केली. कोसळलेली प्रोसेस वेगळ्या रूट डिरेक्टरीत असेल तर कलेक्टर त्या डिरेक्टरीत शिरून तिथला प्रोग्राम रूट म्हणून चालवत होता. कंटेनरमधले क्रॅश नीट हाताळावेत म्हणून केलेली ही सोय. पण युजर नेमस्पेस वापरून साधा युजरही स्वतःची रूट डिरेक्टरी उभी करू शकतो आणि तिथे कलेक्टरच्या नावाचा आपला प्रोग्राम ठेवू शकतो. झाला रूट.

पुढच्याच वर्षी अपोर्टमध्ये आणखी एक सापडलं. क्रॅश फाइलमधल्या एका फील्डची सुरुवात महिरपी कंसाने झाली, तर त्यातला मजकूर सरळ पायथन कोड म्हणून चालवला जायचा. म्हणजे कुणी पाठवलेली क्रॅश फाइल नुसती उघडली तरी काम तमाम. क्रॅश रिपोर्ट ही 'आपलीच' फाइल आहे, ती कशाला तपासायची, असं धरून चाललं की हे होतं.

हे दोन्ही प्रकल्प नवशिक्यांचे नव्हते. तेव्हा चाळीस ओळींची शेल स्क्रिप्ट लिहून 'आमच्याकडे असं काही होणार नाही' म्हणणाऱ्यांना मी फार गंभीरपणे घेत नाही. शेल स्क्रिप्ट तर मुळीच नको. प्रोसेसचं नाव कमांड लाइनवर येतं, आणि त्यात स्पेस, नवी ओळ, काहीही असू शकतं.

माझी सवय साधी आहे. रूटच्या भागाने फक्त चार कामं करायची: आर्ग्युमेंट वाचायची, प्रोसेसची आवश्यक माहिती उचलायची, ती आणि इनपुटचा फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या प्रोसेसनी बोलायची वाट) दुसऱ्या डिमनकडे सोपवायचा, आणि निघून जायचं. ईएलएफ (कोअर फाइलचं स्वरूप) वाचणं, स्टॅक उलगडणं, कॉम्प्रेस करणं हे सगळं त्या दुसऱ्या डिमनचं काम. त्याचा युजर वेगळा, नेटवर्क बंद, मेमरीला मर्यादा, लिहायला एकच डिरेक्टरी. सिस्टमडी-कोअरडंप या तयार कलेक्टरचाही ढाचा साधारण असाच आहे. हातात काही ठोस कारण नसेल तर तेच वापरा आणि स्वतःचं लिहायचा हट्ट सोडा. सर्व्हरवर रिपोर्ट पाठवणारा भाग आणखी वेगळा ठेवावा. जो अनोळखी फाइल पार्स करतो त्याच्या हातात इंटरनेट देऊ नये.

आणि सॉकेटवर कोण बोलतंय हे विचारायला विसरू नका. सॉकेटच्या फाइलला परवानगी ०६०० आहे म्हणून निर्धास्त राहणारे असतात. मी तरीही समोरच्याचे क्रेडेन्शियल कर्नलकडूनच घेतो. संदेशात त्याने स्वतः लिहिलेला युजर आयडी म्हणजे अर्जदाराने स्वतःच दिलेला चारित्र्याचा दाखला.

प्रोसेस आयडीवर डोळे मिटून विश्वास

ही माझी खास नावडती चूक, कारण तिने एका टीमला अख्खं गरगर फिरवलेलं मी पाहिलंय. त्यांच्या क्रॅश डॅशबोर्डवर अचानक सिस्टमडी (मशीनवर सगळ्यात आधी सुरू होणारी प्रोसेस) कोसळल्याचे रिपोर्ट यायला लागले. वेगवेगळ्या मशीनवर, दर वेळी प्रोसेस क्रमांक १. मला बोलावलं तेव्हा सिस्टमडीची आवृत्ती पुढे न्यायची की मागे, यावर दोन तट पडले होते. मी एवढंच विचारलं, की पहिली प्रोसेस मेली की कर्नल पॅनिक होतो, मग ही मशीन चालू कशी? यावर थोडी शांतता, आणि मग 'पण रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय ना!'

झालं होतं असं. कोअर पॅटर्नमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे छोटा पी लिहिला होता. छोटा पी कोसळलेल्या प्रोसेसचा तिच्या स्वतःच्या नेमस्पेसमधला क्रमांक देतो, आणि कंटेनरमधली मुख्य प्रोसेस तिथे क्रमांक १ असते. कलेक्टर मात्र होस्टवर चालतो. तो बिचारा होस्टच्या प्रॉकमध्ये (कर्नल प्रोसेसची माहिती दाखवतो त्या डिरेक्टरीत) जाऊन क्रमांक १ ची माहिती काढायचा आणि ती चिकटवायचा. कोसळत होता कंटेनरमधला फोटो लहान करणारा वर्कर, आणि संशय सिस्टमडीवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

इथवर विनोद होता. पण फाइलचा मालकही त्याच क्रमांकावरून ठरत असल्याने सगळे कोअर रूटच्या नावावर पडत होते, आणि डेव्हलपरांना ते उघडता येईनात. त्यावर कुणीतरी कोअरची डिरेक्टरी सगळ्यांना वाचायला खुली करून टाकली. 'तात्पुरती'. त्या मशीनवर खातं असलेला प्रत्येक जण आता प्रत्येक सेवेची मेमरी वाचू शकत होता. मूळ चूक एका अक्षराची, पण तिच्यावरचा शॉर्टकट तिच्यापेक्षा महागात पडणारा. परवानगीची अडचण आली की ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारणाऱ्यांनी क्रॅश रिपोर्टच्या वाटेला न गेलेलंच बरं.

होस्टवरचा क्रमांक हवा असेल तर मोठा पी लिहा. तो लिनक्स ३.१२ पासून आहे. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण क्रमांक बरोबर असला तरी त्यामागची प्रोसेस तीच असेल असं नाही. प्रोसेस मेली की क्रमांक पुन्हा वाटला जातो. मे २०२५ मध्ये सुरक्षा कंपनी क्वालिसने नेमकं हेच दाखवलं; त्या त्रुटीचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२५-४५९८. हल्लेखोर एक सेटयूआयडी (मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने चालणारा) प्रोग्राम कोसळवतो आणि सिस्टमडी-कोअरडंपने प्रॉकमध्ये डोकावण्याआधी त्याच क्रमांकावर साधी प्रोसेस आणून बसवतो. कलेक्टरला वाटतं, हा तर साध्या युजरचा प्रोग्राम, आणि तो कोअर त्या युजरला वाचायला देतो. आत असतात पासवर्डचे हॅश. अपोर्टमध्येही त्याच वेळी याच प्रकारची शर्यत सापडली.

उपाय कर्नलकडेच आहेत. डंप करण्याचा मोड कळावा म्हणून टक्का-छोटा डी घ्या, म्हणजे प्रोसेस विशेष अधिकाराची होती का हे प्रॉक न चाळता कळतं. लिनक्स ६.१६ पासून टक्का-मोठा एफ लिहिला की कर्नल पीआयडी-एफडीच, म्हणजे त्याच प्रोसेसला बांधलेला फाइल डिस्क्रिप्टर, हातात देतो, जो दुसऱ्या प्रोसेसकडे वळवता येत नाही. त्याच आवृत्तीत कोअर पॅटर्नमध्ये ॲटच्या चिन्हाने सुरू होणारा सॉकेटचा पाथ देण्याची सोय आली. मग प्रत्येक क्रॅशला रूटचा नवा प्रोग्राम जन्माला घालायची गरजच उरत नाही. नवा कर्नल असेल तर मी आता तिकडूनच सुरुवात करतो.

कोअर म्हणजे लॉग फाइल आहे असं समजणं

कोअरमध्ये पासवर्ड, टोकन, खासगी किल्ल्या, ग्राहकांचा डेटा असं सगळं असतं. प्रोसेसला जे माहीत ते कोअरला माहीत. तरी लोक तो तिकिटाला जोडतात. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये स्टॉर्म-०५५८ या हॅकर गटाच्या प्रकरणात सांगितलं होतं, की साइनिंगची (लॉगिनची टोकनं प्रमाणित करणारी) किल्ली २०२१ च्या एका क्रॅश डंपमधून बाहेर गेली असावी. पुढे मार्च २०२४ मध्ये त्यांनीच दुरुस्ती केली, की किल्ली असलेला तो डंप काही सापडला नाही. म्हणजे वाट नक्की झाली नाही, पण एवढ्या मोठ्या कंपनीला ती शक्य वाटली हे पुरेसं बोलकं आहे.

संपूर्ण कोअर मशीनबाहेर पाठवू नका. स्टॅक, रजिस्टर, मॉड्यूलची यादी आणि बिल्ड आयडी (बायनरीची ओळखखूण) एवढं पुरतं. दहातले नऊ बग त्यात सापडतात असं माझं मत आहे. 'रेग्युलर एक्स्प्रेशनने गुपितं पुसतो' म्हणणाऱ्यांनी बायनरी मेमरीवर तो प्रयोग एकदा करून बघावा. गुपितं मुळात डंपमध्ये जाऊच नयेत यासाठी प्रोग्राममध्येच त्या पानांवर एमॲडव्हाइज या सिस्टम कॉलची डोन्टडंप खूण लावा; लिनक्स ३.४ पासून ती आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिपोर्टला जोडण्याची हौसही आवरा. डेटाबेसचा पासवर्ड तिथेच बसलेला असतो.

बाकीच्या, थोडक्यात

यूलिमिट या कमांडने कोअरची मर्यादा शून्य केली म्हणजे डंप बंद, हा गैरसमज. पाइपने जाणाऱ्या कोअरला ती मर्यादा लागू होत नाही. टक्का-छोटा सी ने ती मागवा आणि स्वतः पाळा.

कोअर पाइप लिमिट हे कर्नलचं सेटिंग शून्य ठेवलं तर एकाच वेळी कितीही कलेक्टर सुरू होतात, आणि कर्नल त्यांच्यासाठी थांबतही नाही. प्रॉक बघेपर्यंत प्रोसेस गायब. सिस्टमडी १६ ठेवतं, मीही तेच. पण मग कलेक्टरला टाइमआउट हवाच, नाहीतर तो अडकला की मेलेली प्रोसेसही अडकून बसते.

सुइड डंपेबलला (सेटयूआयडी प्रोग्रामचा डंप घ्यायचा का, हे ठरवणाऱ्या कर्नलच्या सेटिंगला) १ करू नका. तो डीबगिंगपुरता आहे. ० किंवा २.

डिस्कची मर्यादा पहिल्या दिवशीच घाला. सुरू होताच कोसळणारी आणि आपोआप पुन्हा सुरू होणारी सेवा मोठे कोअर टाकत सुटली की एका रात्रीत डिस्क भरते. मोठ्या कोअरचा दुसरा त्रास म्हणजे डंप पूर्ण होईपर्यंत जुनी प्रोसेस पुरती मरत नाही, आणि रीस्टार्ट 'उगाच' रेंगाळतो.

सगळ्यांना लिहिता येईल अशा डिरेक्टरीत ठरलेल्या नावाची फाइल उघडायची नाही. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) कुणीतरी आधीच ठेवलेला असतो. नवीनच फाइल बनव आणि लिंकच्या मागे जाऊ नको, हे दोन्ही फ्लॅग लावा.

सिग्नल हँडलरमध्येच (सिग्नल आल्यावर प्रोग्रामच्या आतच चालणाऱ्या कोडमध्ये) रिपोर्ट तयार करून सॉकेटवर पाठवणारे अजून भेटतात. हीप (मागणीनुसार वाटली जाणारी मेमरी) बिघडल्यामुळे क्रॅश झाला आणि हँडलर तिथूनच मेमरी मागणारं मॅलॉक बोलावतोय. मग प्रोसेस ना मरते ना जगते. हँडलरने बाहेरच्या डिमनला हाक मारावी आणि गप्प बसावं.

बायनरी स्ट्रिप केली आणि सिंबल (पत्त्यांवरून फंक्शनची नावं सांगणारी माहिती) फेकून दिले, तर नुसत्या पत्त्यांचा रिपोर्ट येतो. बिल्ड आयडीनुसार सिंबल जपून ठेवा.

पार्स करणारा डिमन स्वतःच कोसळला तर? त्याचाही कोअर त्याच्याचकडे येतो. कर्नलने थेट सुरू केलेल्या प्रोग्रामला या चक्रातून कर्नल वाचवतो, तुमच्या वेगळ्या डिमनला नाही. त्याला पीआरसीटीएल या सिस्टम कॉलने डंपेबल शून्य करा.

कोअर पॅटर्नची ओळ १२८ बाइटपेक्षा लांब चालत नाही, त्यात शेवटचा शून्य बाइटही आला. ती कंटेनरगणिक वेगळीही नसते. एखाद्या प्रिव्हिलेज्ड कंटेनरने बदलली तर अख्ख्या होस्टची बदलते, त्यामुळे तिच्यावर नजर ठेवा.

तपासणी

एक स्लीप कमांड सुरू करून त्याला सेगफॉल्ट पाठवला, रिपोर्ट आला, म्हणजे काम झालं असं धरणाऱ्यांचे मला सर्वांत जास्त फोन येतात. मी निदान एवढं बघतो: कंटेनरच्या आतला क्रॅश, नावात नवी ओळ असलेला प्रोग्राम, चालू असतानाच डिस्कवरून पुसलेली बायनरी, सेटयूआयडी प्रोग्राम, एकाच वेळी शंभर क्रॅश, आणि भरलेली डिस्क. दर वेळी फाइलचा मालक आणि परवानगी डोळ्यांनी बघायची, शिवाय दुसऱ्या साध्या युजरने ती उघडून बघायची. उघडली तर नापास. कलेक्टरचा स्टँडर्ड एरर कुठेच दिसत नाही, तेव्हा कर्नलच्या लॉगमध्ये लिहायची सोय आधी करून ठेवा, नाहीतर शंभरांपैकी किती रिपोर्ट गळाले हे मोजताच येणार नाही. आणि सेटिंग बदलण्याआधी जुनी ओळ कुठेतरी लिहून ठेवा, कारण मागे फिरायची वेळ बहुधा पहिल्याच आठवड्यात येते.