घरटी एक माणूस: गावच्या श्रमदानाचा नियम कसा ठरवावा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील गावांत उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा ठरला की पंच मंडळी ‘घरटी एक माणूस’ असे जाहीर करतात आणि त्याच बैठकीत, श्रमदान मर्जीचे की सक्तीचे, हा वाद निघतो. तो मिटवायचा असेल तर माणसांचा विचार नंतर करून आधी कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे, ते न केल्यास नुकसान कोणाचे, हे लिहावे. सामायिक विहीर किंवा पावसाळ्यापूर्वी तुंबलेले गटार यांत सर्वांचाच वाटा असल्याने तेथे घरटी वाटणी योग्य ठरते. रक्तदान, मुलांची शिकवणी किंवा एकाकी वृद्धांची विचारपूस मात्र पूर्णपणे मर्जीवर सोडावी, कारण घड्याळाकडे पाहत बसलेला सेवक म्हाताऱ्या माणसाला नकोसाच होतो.

वाटणी ठरवताना कायद्याची मर्यादा ध्यानात ठेवावी. संविधानाच्या अनुच्छेद २३ नुसार वेठबिगारीला मनाई आहे. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा राज्यसंस्थेला आहे, तीही धर्म, वंश, जात वा वर्ग एवढ्याच कारणावरून भेदभाव न करता. गल्लीतील मंडळाला असा अधिकार नाही. म्हणून नियम बैठकीच्या संमतीवर उभा करावा आणि न येणाऱ्याचे पाणी तोडणे किंवा त्याला वाळीत टाकणे असले प्रकार मुळीच करू नयेत. गटाराचे काम दरवर्षी एकाच वस्तीच्या वाट्याला येत असेल, तर त्याला श्रमदान म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. कामाच्या चिठ्ठ्या सर्वांसमोर काढाव्यात.

दंडाबाबत आमचाच अनुभव सांगतो. गैरहजेरीला आम्ही दोनशे रुपये दंड ठेवला. पहिल्या वर्षी काही जणांनी तो ओशाळून भरला. दुसऱ्या वर्षी बैठकीतच पैसे पुढे करून लोक मोकळे झाले. विहिरीत उतरून बुट्टीत गाळ भरणारे दोघे, दोर ओढणारे चौघे आणि वर गाळ वाहून नेणारा एकच, अशी आमची गत झाली. दंडाची सुट्टीची पावती झाली होती! त्यामुळे पैशांऐवजी बदली दिवस द्यावा. ज्या घरात धडधाकट माणूस नाही, त्याने चहाची व्यवस्था केली तरी वाटा पूर्ण धरावा.

तारीख भात लावणीच्या धांदलीत धरू नये, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्यांसाठी सकाळ व संध्याकाळ अशा दोन वेळा ठेवाव्यात. सूचना मराठीबरोबर कन्नडमध्येही लावावी. भाड्याने राहणारे कन्नड कुटुंबही त्याच विहिरीचे पाणी भरते.

तरुणांसाठी राष्ट्रीय सेवा योजनेचा नमुना उपयोगी आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास, सेवा करावी अशी अपेक्षा असते. नाव नोंदवणे मर्जीचे, पण नोंदवल्यावर तास भरायचेच, ही रीत मंडळानेही उचलावी; तास मात्र बरेच कमी ठेवावेत.

हजेरीची वही एकाच माणसाकडे द्यावी आणि तीत गैरहजेरीचे कारणही लिहावे. नियम एका वर्षापुरताच करावा. पुढच्या उन्हाळ्यात ती वही बैठकीत वाचून दाखवल्याशिवाय त्याला मुदतवाढ देऊ नये.