डेअरीचा प्रोग्रॅम लिहिताय? क्लास पाडताना या चुका टाळा

जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना मी बँक खात्याचं ठरलेलं उदाहरण घेत नाही. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बेळगावला येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरचं दूध डेअरीला जातं. म्हणून कन्सोलवरचा आमचा छोटा प्रोग्रॅम तोच: सभासद, लिटर, फॅट, दर, पशुखाद्याची उचल आणि दहा दिवसांचं बिल. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली एकेक वस्तू, फील्ड म्हणजे तिच्यातली माहिती आणि मेथड म्हणजे तिचं काम. चुका मात्र दरवर्षी त्याच होतात.

पहिली स्टॅटिकची. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेनमधून मेथड बोलावली की कोड तपासणारा कंपायलर अडवतो: नॉन-स्टॅटिक मेथड स्टॅटिक जागेतून वापरता येत नाही. मग मुलं दिसेल तिथं स्टॅटिक लावत सुटतात. एरर जाते, पण तीन सभासदांची बिलं काढली की तिघांच्याही नावावर शेवटच्याचेच साडेसहा लिटर येतात. स्टॅटिक फील्ड म्हणजे डेअरीच्या भिंतीवरचा फळा, सगळ्यांत मिळून एकच. पासबुक ज्याचं त्याचं वेगळं हवं. मेनमध्ये न्यू लिहून प्रत्येक सभासदाचं ऑब्जेक्ट तयार करा आणि मेथड त्याच्यावर बोलवा.

फील्ड प्रायव्हेट केलं, ते वाचायला-बदलायला गेटर-सेटर टाकले, म्हणजे एन्कॅप्सुलेशन झालं, आतली माहिती सुरक्षित झाली असंही समजू नका. उचलीच्या सेटरमध्ये वजा ५०० टाकून बघा. बिलातून उचल कापताना वजाचं अधिक होतं आणि सभासदाला ५०० रुपये जास्तीचे मिळतात. तो सेटर काढून टाकाच. त्याऐवजी ‘उचल दे’ अशी मेथड लिहा आणि शून्य किंवा त्याखालची रक्कम तिथंच नाकारा.

इनहेरिटन्समध्ये, म्हणजे एका क्लासवरून दुसरा काढण्यात, तर हुशार मुलंही फसतात. गाईच्या आणि म्हशीच्या दुधाचा दर वेगळा, म्हणून सभासद या क्लासवरून ‘गाय सभासद’ आणि ‘म्हैस सभासद’ असे दोन क्लास काढतात. वहीत चित्र छान दिसतं. पण आपल्याकडे एकाच गोठ्यात एक म्हैस आणि दोन गाई बांधलेल्या असतात. सकाळी दोन्ही किटल्या घेऊन आलेल्या काकूंचं ऑब्जेक्ट कुठल्या क्लासचं करणार? जावात एका क्लासला दोन क्लास एक्स्टेंड करता येत नाहीत. मुळात म्हैस हा सभासदाचा प्रकारच नाही, तो दुधाचा प्रकार आहे. म्हणून तो नोंदीत जायला हवा. सभासदाजवळ नोंदींची यादी ठेवा. नोंदीत तारीख, वेळ, लिटर, फॅट आणि दरपत्रक. दरपत्रक हा इंटरफेस, म्हणजे कुठल्या मेथड हव्यात एवढंच सांगणारा करार, आणि गाईचं व म्हशीचं दरपत्रक हे त्याचे दोन क्लास. उद्या दर बदलला तर सभासदाच्या क्लासला हात लावावा लागत नाही.

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते प्रिंटबद्दल. एका विद्यार्थ्यानं गावच्या डेअरीसाठी बिलाचा क्लास लिहिला. हिशेब आणि प्रिंटलाइन एकाच मेथडमध्ये. पावती मराठीत यायची. मग काही सभासदांना ती कन्नडमध्ये हवी झाली. यानं अख्खा क्लास कॉपी केला आणि ‘दूध’च्या जागी ‘हालु’ टाकलं. पुढं दर बदलला तेव्हा मराठी क्लासमध्ये बदल केला, कन्नडमधला तसाच राहिला. दोघा शेजाऱ्यांनी पावत्या शेजारी-शेजारी धरल्या: लिटर तेवढेच, फॅट तेवढंच, रक्कम वेगळी. अशा वेळी लोकांचा संशय प्रोग्रॅमवर जात नाही, माप घालणाऱ्या माणसावर जातो. बिलाच्या क्लासनं फक्त रक्कम काढून परत द्यावी. छपाई ‘मराठी पावती’ आणि ‘कन्नड पावती’ या वेगळ्या क्लासकडे. दोघांनाही आकडा एकाच ठिकाणाहून मिळेल. अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं उमटली तर क्लास मोडू नका, ती एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीची, अडचण आहे. ती पद्धत यूटीएफ-८ आहे का ते तपासा.

रक्कम डबलमध्ये, म्हणजे जावाच्या दशांश संख्यांच्या प्रकारात, ठेवू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथं ०.३०००००००००००००००४ येते. पैसे पूर्णांकात मोजा किंवा दशांश तंतोतंत ठेवणारा बिगडेसिमल हा क्लास वापरा.

सभासद क्रमांक टाकल्यावर प्रोग्रॅम नाव न विचारताच पुढं पळतो? नेक्स्टइंटनं अंक घेतला, एंटर मागंच राहिलं, आणि नेक्स्टलाइननं ती रिकामी ओळ उचलली. दर वेळी पूर्ण ओळ वाचा आणि पार्सइंटनं अंक करून घ्या. कीबोर्डवरून वाचणारा स्कॅनरही क्लासगणिक नवा उघडू नका. एकानं तो बंद केला की सिस्टिम-इन, म्हणजे कीबोर्डकडून येणारी वाटच, बंद होतं आणि पुढच्या वाचनाला नो-सच-एलिमेंट ही एरर येते. मेनमध्ये एकच उघडा आणि लागेल त्या क्लासला कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करतानाच, द्या.