धंदा बंद पाडणाऱ्या या चुका टाळा

लघुउद्योगांचे हिशेब सांभाळताना मी अनेक धंदे बंद पडताना पाहिले आहेत. मालकाला विचारले की तो भांडवलाची टंचाई सांगतो. वह्या चाळल्या की बहुधा त्याआधीच्या वागणुकीतल्या चुका सापडतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याचा फोन टाळणे. कोल्हापूरकडच्या एका वर्कशॉपचे मोठे बिल गिऱ्हाइकाकडे अडकले, तेव्हा मालकाने लोखंडाच्या व्यापाऱ्याशी बोलणेच बंद केले आणि तगादा वाढल्यावर, खात्यात शिल्लक नसताना, पुढच्या तारखेचा चेक देऊन वेळ मारून नेली. चेक बाउन्स झाला, चेक न वटल्याबद्दलच्या कलम 138 ची नोटीस आली, आणि ही गोष्ट बाजारात पसरताच रोखीशिवाय कोणी माल देईना. अडकलेले बिल पुढे वसूल झाले. पण तोवर कच्च्या मालाअभावी हातातल्या ऑर्डरी गेल्या होत्या आणि कामगार पांगले होते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सवय लावतो ती अशी: मुदत टळण्याआधी आपणच फोन करावा, पाळता येईल तीच तारीख सांगावी आणि थोडी तरी रक्कम त्याच दिवशी द्यावी. बँकेशीही असेच वागावे, कारण हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की कर्ज एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होते आणि मग मॅनेजरच्या हातात फारसे काही उरत नाही.

दुसरी चूक उतावळेपणाची. सहा महिन्यांत नफा दिसला नाही म्हणून धंदा बदलणारी मंडळी हल्ली फार भेटतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे सुरुवातीचे नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. पुढे नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यावर 1910 मध्ये त्यांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखाना नव्याने उभारला. मात्र परवडत नसलेल्या दराने वर्षानुवर्षे माल विकत राहणे याला मी चिकाटी म्हणत नाही. दर तीन महिन्यांनी पडता भाव, म्हणजे माल आपल्याला केवढ्याला पडतो ते, नव्याने काढावा आणि दरवाढ लागत असेल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. दर्जा गुपचूप उतरवून फरक भरून काढणे मला अजिबात मान्य नाही.

गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी घरखर्चाला वापरू नये. तो वेगळ्या खात्यात ठेवावा. भागीदार जिवलग मित्र असला, तरी करारपत्र पहिल्याच महिन्यात करून घ्यावे.